रेषेबाहेरचा शिक्षक

फुटबॉलच्या मैदानाभोवती चुन्याची एक पांढरी रेषा आखलेली असते. रेषेच्या आत दोन्ही बाजूंचे मिळून बावीस खेळाडू असतात, एक पंच असतो आणि सामन्याचे सारे भवितव्य त्यांच्या स्वाधीन असते. रेषेबाहेर मात्र आणखी एक माणूस उभा असतो. चेंडूला पाय लावण्याचा त्याला अधिकार नाही. प्रेक्षकांच्या गदारोळात त्याचे शब्द आतल्यांपर्यंत पोहोचतीलच, असा भरवसा नाही. संघ जिंकला की जयजयकार गोल करणाऱ्याचा होतो. हरला की पहिली कुऱ्हाड रेषेबाहेरच्या या माणसावर पडते. या माणसाला प्रशिक्षक म्हणतात.

महाराष्ट्राला ही भूमिका परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांत तालीममास्तर असे. नटाकडून शब्दन् शब्द घोटवून घ्यावा, हातवारे बसवावेत, आणि पडदा वर गेला की विंगेत जाऊन उभे राहावे, हे त्याचे काम. टाळ्या पडत त्या नटाला. कुस्तीच्या तालमीतला वस्तादही याच जातीचा. परंतु वस्ताद एका तालमीत आयुष्य काढतो. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला ते भाग्य क्वचितच लाभते. त्याचे बिऱ्हाड कायम पाठीवर. दोन वर्षांचा करार, एका गावचे पाणी, आणि मग दुसरे गाव.

या व्यवसायाचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल, तर स्पेनकडे पाहावे. स्पॅनिश फुटबॉल म्हटले, की आपल्यासमोर माद्रिद आणि बार्सेलोना ही दोनच नावे उभी राहतात. पण ते शिखर झाले. तेथील पहिल्या श्रेणीत वीस संघ खेळतात आणि दुसऱ्या श्रेणीत बावीस. त्याखालच्या तिसऱ्या पायरीवर बरीच वर्षे चार गटांत मिळून ऐंशी संघ खेळत असत. त्याच्याही खाली गावोगावचे असंख्य संघ. दरवर्षी तळाचे संघ एक पायरी खाली ढकलले जातात आणि खालचे काही वर चढतात. या उतरंडीवर शेकडो प्रशिक्षक आपला संसार मांडून बसलेले असतात. मैदान लहान, तिजोरी रिकामी, आणि चार सामने हरले की घरचा रस्ता. विद्या मात्र पहिल्या श्रेणीतल्याइतकीच कसून शिकलेली. अशा विद्येला आपल्या देशात जागा अपुरी पडते, आणि मग ती परदेशाची वाट धरते. या वाटेवरचा एक मुक्काम आपल्या अगदी शेजारी, बंगळूर येथे आहे.

आल्बर्ट रोका यांचा जन्म १९६२ साली कातालोनिया प्रांतातील ग्रानोयेर्स या गावी झाला. ते खेळले बचावफळीच्या मध्यभागी, आणि त्यांचे नाव जोडले गेले ते साबादेल या संघाशी. साबादेल हे बार्सेलोनाजवळचे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. आपल्याकडील इचलकरंजी किंवा सोलापूर डोळ्यांपुढे आणले, तर त्याची कल्पना येईल. हा संघ १९८६ ते १९८८ अशी दोन वर्षे पहिल्या श्रेणीत टिकला आणि पुन्हा खाली घसरला. वर चढण्यास किती कष्ट पडतात आणि खाली येण्यास किती थोडा वेळ लागतो, याचा धडा अशा संघाच्या खेळाडूला वेगळा शिकवावा लागत नाही.

पुढे २००३ मध्ये रोका बार्सेलोनाच्या मुख्य संघात दाखल झाले. पण तेही सहाय्यक म्हणून. मुख्य प्रशिक्षक होते हॉलंडचे फ्रँक रायकार्ड. त्यांच्या कारकीर्दीत बार्सेलोनाने २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे स्पेनचे विजेतेपद मिळवले. २००६ च्या मे महिन्यात पॅरिस येथे आर्सेनलचा पराभव करून युरोपचा चषकही जिंकला. रोनाल्डिन्योचे नाव तेव्हा जगाच्या ओठांवर होते. रायकार्ड यांचे सहाय्यक कोण, हे कोणी विचारीत नव्हते. रायकार्ड तुर्कस्तानात गालातासराय संघाकडे गेले, तेव्हा रोका त्यांच्याबरोबर गेले. ते सौदी अरेबियाच्या राष्ट्रीय संघाकडे गेले, तेव्हाही रोका सोबत होते. स्वतःच्या नावावर संपूर्ण जबाबदारी आली ती २०१४ मध्ये, मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशाच्या संघाची. आणि २०१६ च्या जुलै महिन्यात, वयाची पन्नाशी ओलांडलेले रोका बंगळूरला आले.

ज्या शहरात ते आले ते फुटबॉलच्या दृष्टीने रिकामे नव्हते. लष्कराच्या छावणीमुळे बंगळूरला हा खेळ फार पूर्वीच आला आणि छावणीभोवतालच्या वस्त्यांत रुजला. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर वर्षानुवर्षे गोऱ्या पलटणींची मक्तेदारी होती. ती मोडून १९३७ साली तो चषक प्रथम जिंकणारा भारतीय संघ म्हणजे ‘बंगलोर मुस्लिम्स’. पुढच्याच वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकला. स्वतंत्र भारत १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्ध पहिल्यांदा उतरला आणि एकास दोन गोलांनी हरला. भारताचा तो एकमेव गोल बंगळूरच्या सारंगपाणी रामन यांचा. म्हैसूर संस्थानच्या, आणि नंतर त्याच नावाच्या राज्याच्या, संघाने संतोष करंडक चार वेळा जिंकला. पुढे सरकारी कारखान्यांचे संघ काही काळ हा वारसा चालवीत राहिले. पण हळूहळू मैदाने ओस पडत गेली आणि हे वैभव वडीलधाऱ्यांच्या आठवणींपुरते उरले.

या पार्श्वभूमीवर २०१३ साली जिंदाल उद्योगसमूहाने बेंगळुरू फुटबॉल क्लब स्थापन केला. इंग्लंडचे ॲशली वेस्टवुड यांच्या प्रशिक्षणाखाली या संघाने पहिल्याच वर्षी राष्ट्रीय साखळीचे, म्हणजे आय-लीगचे, विजेतेपद पटकावले आणि २०१६ मध्ये ते पुन्हा मिळवले. कांतीरवा क्रीडांगणाच्या पश्चिमेकडील सज्जात निळे सदरे घालून गाणारे तरुण जमू लागले. वेस्टवुड गेले आणि त्यांच्या जागी रोका आले, तेव्हा परिस्थिती अशी होती. पडक्या घराची डागडुजी करणाऱ्याचे कौतुक होते. नांदत्या घरात नव्याने आलेल्याकडे मात्र प्रत्येक जण बारकाईने पाहत असतो. रोका यांच्या वाट्याला हे दुसरे काम आले.

त्यांनी आणलेली पद्धत कातालान होती. चेंडू संकटासारखा दूर भिरकावून द्यावयाचा नाही, तो आपल्यापाशी ठेवावयाचा. गोलरक्षकाने लांब लाथाडण्याऐवजी जवळच्या बचावपटूकडे द्यावयाचा, त्याने मध्यरक्षकाकडे, आणि असा तो आखूड पासांनी पुढे न्यावयाचा. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत असताना स्वतःच्या गोलापुढे चेंडू शांतपणे फिरविण्यास धैर्य लागते, आणि त्याहून अधिक लागतो तो सोबत्यांवरचा विश्वास. ज्याच्याकडे चेंडू आहे, त्याला निदान दोन सोबती मोकळे दिसले पाहिजेत. म्हणजे ज्याच्याकडे चेंडू नाही, त्यानेच अधिक धावले पाहिजे. या पद्धतीचे मर्म इतकेच, आणि ते खेळाडूंच्या अंगी मुरविण्यासाठी रोज सकाळी तेच तेच पाठ गिरवून घ्यावे लागतात.

पहिली परीक्षा लगेच आली. आशियातील क्लबांच्या एएफसी चषक स्पर्धेत बंगळूरने सिंगापूरच्या टॅम्पाइन्स रोव्हर्सला हरवून उपांत्य फेरी गाठली. समोर होता मलेशियाचा जोहोर संघ, आदल्या वर्षीचा विजेता. जोहोरच्या मैदानावर एक-एक अशी बरोबरी झाली. दुसरा सामना १९ ऑक्टोबर २०१६ रोजी कांतीरवावर झाला. पाहुण्यांनी आधी गोल केला; पण कर्णधार सुनील छेत्री यांनी दोन आणि स्पॅनिश बचावपटू हुआनन यांनी एक गोल करून तो सामना तीन-एक असा फिरविला. या स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यापूर्वी एकही भारतीय क्लब पोहोचला नव्हता. गोव्याचा डेम्पो आणि कोलकात्याचा ईस्ट बंगाल हे दोघेही उपांत्य फेरीतूनच परतले होते.

अंतिम सामना ५ नोव्हेंबरला दोहा येथे झाला. प्रतिस्पर्धी होता इराकच्या हवाई दलाचा संघ. बंगळूरचे गोलरक्षक अमरिंदर सिंग पिवळ्या कार्डांमुळे त्या सामन्याला मुकले. सत्तराव्या मिनिटाला हम्मादी अहमद यांनी गोल केला आणि तो एकच गोल निर्णायक ठरला. विजयाचा चषक हातभर अंतरावरून गेला. एएफसी चषक ही स्पर्धा आता त्या नावाने भरत नाही. त्यामुळे तिच्या अंतिम फेरीत खेळलेला एकमेव भारतीय क्लब ही बंगळूरची नोंद कायमची झाली आहे. नोंद कायमची, आणि पराभवही कायमचा.

त्यानंतरच्या आय-लीगमध्ये बंगळूरचा विजेता संघ चौथ्या क्रमांकावर घसरला. त्या वर्षीचे विजेतेपद मिझोरामच्या ऐझॉल या छोट्या संघाने मिळविले, आणि त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील. मुंबई एफ. सी. या तुटपुंज्या साधनांच्या संघाला त्यांनी कित्येक वर्षे साखळीच्या तळापासून सावरून धरले होते. स्पॅनिश उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवर प्रशिक्षक जे करतात, तेच हा गृहस्थ कूपरेजवर करीत आला होता. बार्सेलोनाची विद्या एका बाजूला आणि मुंबईची चिकाटी दुसऱ्या बाजूला. त्या वर्षी चिकाटीचे पारडे जड झाले. रोका यांच्या संघाने मोसमाच्या अखेरीस, २१ मे २०१७ रोजी, कटक येथे मोहन बागानला जादा वेळेत दोन गोलांनी हरवून फेडरेशन चषक जिंकला, आणि काहीशी भरपाई झाली.

पुढच्या मोसमात बंगळूरने इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश केला. नवख्या संघाने चाचपडत सुरुवात करावी, हा सामान्य नियम. या संघाने अठरा सामन्यांत तेरा विजय मिळवून चाळीस गुण जमविले. दुसऱ्या क्रमांकाच्या चेन्नईला बत्तीस गुण होते. उपांत्य फेरीत पुण्याच्या संघाशी बालेवाडीला गोलशून्य बरोबरी झाली आणि बंगळूरला छेत्री यांच्या तीन गोलांनी निकाल लागला. अंतिम सामना १७ मार्च २०१८ रोजी, तोही आपल्याच घरी, कांतीरवावर होता. नवव्या मिनिटालाच छेत्री यांनी गोल केला. लग्नघरात वाजंत्री सुरू व्हावी तसे वातावरण झाले.

आणि मग दोन कॉर्नर आले. मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेला चेंडू गोलापुढे उंच येतो. तेथे पास देण्याघेण्याचे शास्त्र फारसे चालत नाही, उडी आणि धक्काबुक्की चालते. चेन्नईचे उंचेपुरे बचावपटू मायल्सन आल्व्हेस यांनी मध्यंतरापूर्वी अशा दोन कॉर्नरांवर डोक्याने दोन गोल केले. उत्तरार्धात राफाएल आगुस्तो यांनी तिसरा केला. अगदी अखेरीस मिकू यांनी एक फेडला. पण सामना तीन-दोन असा हातून गेला. साखळीत प्रथम येणाऱ्यास त्या काळी वेगळे पारितोषिकही नव्हते. त्यासाठीची ढाल २०१९-२० च्या मोसमापासून सुरू झाली. आठ गुणांची आघाडी हवेत विरून गेली आणि उरला तो एका रात्रीचा पराभव.

येथे रोका यांच्या स्वभावाची कसोटी होती. असा घाव बसलेला संघ पुष्कळदा वर्षभर सावरत नाही. येथे महिनाभरानंतरच भुवनेश्वरला सुपर कप होता. उपांत्य सामन्यात एक खेळाडू बाहेर काढला गेला असताना बंगळूरने मोहन बागानला चार-दोन असे हरविले. २० एप्रिलच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने पहिला गोल केला. त्याची बरोबरी केली राहुल भेके या मुंबईकर बचावपटूने, आणि मग बंगळूरने चार-एक असा विजय मिळविला. तो चषक घेऊन रोका यांनी बंगळूरचा निरोप घेतला. दोन मोसम, दोन चषक आणि दोन गमावलेले अंतिम सामने, असा हा हिशेब. जमाखर्च मांडणारा म्हणेल, बाकी शून्य.

परंतु शिक्षकाचा हिशेब त्याच्या जाण्याने पुरा होत नाही. रोका यांच्या जागी क्लबने कोणी नामांकित परदेशी आणला नाही. त्यांचेच सहाय्यक कार्लेस क्वाद्रात यांना नेमले. हेही कातालान. बार्सेलोनाच्या बालविद्यालयात घडलेले. पण दुखापतीने खेळाडूचे आयुष्य लवकर संपलेले. एल साल्वादोरपासून ते रोका यांच्या सोबत होते. रोका जसे रायकार्ड यांच्या सावलीत उभे राहिले, तसे क्वाद्रात रोका यांच्या सावलीत उभे होते. आता ते रेषेपाशी आले.

क्वाद्रात यांच्या संघाने पहिल्याच मोसमात साखळीत पुन्हा अग्रस्थान मिळविले, आणि अंतिम सामना ठरला मुंबईत, अंधेरीच्या क्रीडांगणावर. तारीख तीच, १७ मार्च. वर्ष मात्र २०१९. समोर गोव्याचा संघ आणि त्याचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, तेही बार्सेलोनाच्याच शाळेत शिकविलेले. नव्वद मिनिटे गोलाविना गेली. जादा वेळही सरत आला. पेनल्टी किकांच्या जुगारास तीन मिनिटे उरली असता बंगळूरला कॉर्नर मिळाला. दिमास देल्गादो यांनी चेंडू आत टाकला, राहुल भेके यांनी उडी घेतली आणि डोक्याने तो जाळ्यात घातला. वर्षापूर्वी ज्या कॉर्नरांनी विजेतेपद नेले, त्याच कॉर्नरने ते परत आणून दिले. साखळीत पहिला येऊन अंतिम सामनाही जिंकणारा या स्पर्धेतला हा पहिलाच संघ. गोल करणारा मुंबईचा मुलगा, मैदान मुंबईचे. भेके यांना बंगळूरला आणले गेले होते ते २०१७ साली, रोका यांच्या काळात. पेरणी एकाची आणि सुगी दुसऱ्याची, असे शेतकरी म्हणतो ते हेच.

या यशानेही क्वाद्रात यांना कायमचे आसन दिले नाही. २०२१ च्या जानेवारीत लागोपाठच्या पराभवांनंतर त्यांना जावे लागले, आणि त्यांच्या जागी काही काळ उभे राहिले ते त्यांचे भारतीय सहाय्यक नौशाद मूसा. क्वाद्रात पुढे ईस्ट बंगालकडे गेले. २०२४ च्या जानेवारीत भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी पुन्हा लोबेरा यांच्याच संघाला, या वेळी ओडिशाला, हरविले आणि बारा वर्षांनंतर त्या जुन्या क्लबला राष्ट्रीय चषक मिळवून दिला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, नव्या मोसमाचे पहिले तीन साखळी सामने हरताच, तेथूनही त्यांना निघावे लागले. जानेवारीतला चषक सप्टेंबरपर्यंत पुरला नाही.

रोका यांनी २०२० मध्ये हैदराबादचे पद स्वीकारले होते. पण मोसम सुरू होण्यापूर्वीच बार्सेलोनाचे बोलावणे आले आणि ते पुन्हा तेथे गेले, याही वेळी दुय्यम पदावर, खेळाडूंच्या शारीरिक तयारीचे प्रमुख म्हणून. हैदराबादची रिकामी जागा मिळाली ती मानोलो मार्केझ यांना. यांची कारकीर्द तर बहुतांशी कातालोनियाच्या खालच्या श्रेणींतच गेलेली. त्यांनी तळाला असलेला हैदराबादचा संघ २०२२ मध्ये विजेता केला आणि २०२४ मध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. बंगळूरच्या कांतीरवावरही २०२३ च्या अखेरीस जेरार्ड झारागोझा आले. २०१९ च्या विजेत्या संघात ते क्वाद्रात यांचे सहाय्यक होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी संघाला अंतिम फेरीत नेले. तेथे मोहन बागानने जादा वेळेत दोन-एक असा विजय मिळविला. आपल्या संगीतात तीन पिढ्यांखेरीज घराणे मानीत नाहीत. त्या न्यायाने रोका, क्वाद्रात आणि झारागोझा यांचे बंगळूरला एक छोटे घराणेच झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि या कौतुकाला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे उचित नव्हे. या सर्व वर्षांत बंगळूरच्या मुख्य संघात बंगळूरच्याच वस्त्यांतून आलेले खेळाडू थोडेच दिसले. ज्या गल्ल्यांनी एकेकाळी ऑलिम्पिकपटू दिले, त्या गल्ल्यांतील मुलांना कांतीरवाचा दरवाजा पुरेसा उघडला, असे म्हणता येत नाही. तसेच, परदेशी शिक्षकाचे खरे यश चषकांच्या कपाटात मोजू नये. त्याच्यामागे देशी शिक्षक किती तयार झाले, यावर मोजावे. २०२५ च्या जुलैत मार्केझ यांनी राष्ट्रीय संघ सोडला, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी नेमले गेले ते खालिद जमील, ऐझॉलचे आणि त्यापूर्वीच्या मुंबई एफ. सी.चे. खालच्या पायरीवर वर्षानुवर्षे तग धरून राहिलेल्या माणसाला शिखराची जबाबदारी मिळाली. दारिद्र्यातली विद्या साबादेलची असो वा कूपरेजची, तिची किंमत एकच.

प्रशिक्षकाच्या आयुष्यात स्थैर्य नाही, आणि श्रेयही निश्चित नाही. तरीही सातासमुद्रांपलीकडून माणसे येतात, अनोळखी भाषेच्या मुलांना रोज सकाळी तोच आखूड पास शिकवितात, आणि मुदत संपली की निघून जातात. मागे उरते ती एक सवय. संकट अंगावर आले असता चेंडू दूर न भिरकावता मान वर करून आपला सोबती कोठे आहे ते पाहण्याची सवय. विजेत्यांच्या यादीत ती लिहिली जात नाही. ज्या मैदानावर ती एकदा रुजली, तेथे मात्र शिक्षक गेल्यानंतरही ती खेळताना दिसते.